मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार रक्ताच्या तपासणीत दिसतो का?

साठी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला, की रिपोर्टात एक ओळ बहुतेक वेळा सापडतेच: ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड वन’. कधी वनच्या जागी टू, कधी थ्री. एमआरआय काढलेला असतो चक्कर येते म्हणून किंवा डोकं दुखतं म्हणून, आणि घरचे घाबरतात ते या ओळीला. मग दोन प्रश्न येतात. हे आधीच रक्ताच्या तपासणीत कळलं नसतं का? आणि आता दर सहा महिन्यांनी रक्त देऊन आजार वाढतोय की थांबलाय, हे बघता येईल का?

काही दुर्मिळ आनुवंशिक प्रकार सोडले, तर नुसत्या रक्तावरून या आजाराचं निदान करणारी तपासणी आज नाही. पण रक्तात त्याच्या खुणा उमटतात, आणि त्या मोजण्याचं तंत्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार पुढे गेलं आहे. अडचण आहे ती त्या खुणा वाचण्यात. एकाच खुणेला पाच-सहा कारणं असू शकतात. म्हणून नवा आकडा हातात घेण्याआधी तो नेमका कशाचा आहे, हे माहीत असलेलं बरं.

आधी वाहिन्यांबद्दल. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण तो प्राणवायू खातो जवळजवळ २० टक्के. गळ्यातून चार मोठ्या धमन्या वर जातात आणि त्यांच्या फांद्या मेंदूच्या तळाशी व पृष्ठभागावर पसरतात. या फांद्यांमधून बारीक धमन्या आत घुसतात. त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या मागेपुढे असते, आणि त्यांच्या पुढे केशवाहिन्या तर केसाहूनही कितीतरी बारीक. स्मॉल व्हेसल डिसीज म्हणजे या आत घुसणाऱ्या धमन्यांचा, केशवाहिन्यांचा आणि लहान शिरांचा आजार. हृदयाची किंवा मानेची मोठी धमनी तुंबते त्याच्याशी याचा गोंधळ करू नये. मानेचा डॉपलर अगदी स्वच्छ असतानाही हा आजार असू शकतो.

मेंदूच्या खोल भागातल्या काही बारीक धमन्या मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात. पाण्याच्या मेन लाइनवरच अर्ध्या इंचाचं कनेक्शन घेतल्यासारखं आहे ते: मधे दाब उतरवायला काही नाही, सगळा मार त्या नळीवर. त्यामुळे वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीचा पहिला बळी याच वाहिन्या. दुसरीकडे मेंदूचा पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा गठ्ठा, लांबून येणाऱ्या धमन्यांच्या अगदी शेवटाला असतो. कालव्याच्या टेलचा शेतकरी आठवा. वर पाणी कमी सुटलं की आधी कोरडं पडतं ते टेलचं शेत. पांढऱ्या भागाचं तसंच आहे. भिंती जाड आणि कडक झालेल्या वाहिन्या गरजेप्रमाणे रुंदावत नाहीत, त्यांचं आतलं अस्तर गळू लागतं, आणि टेलला पुरवठा अपुरा पडतो. एमआरआयमधल्या फ्लेअर नावाच्या चित्रात हाच भाग पांढरा चमकतो.

या पांढऱ्या डागांची प्रत लावायला १९८७ पासून फझेकास श्रेणी वापरतात. एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना जोडू लागलेले, तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या हजारावर सर्वसामान्य लोकांचे एमआरआय काढले होते. एकही डाग नसलेले निघाले जेमतेम ५ टक्के. तेव्हा पंचाहत्तरीतला ‘ग्रेड वन’ म्हणजे डोक्यावरचे पांढरे केस समजावेत. पन्नाशीतला ‘ग्रेड थ्री’ मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि त्याचं कारण शोधलंच पाहिजे.

डागांखेरीज आणखी खुणा असतात. ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी, जिला लॅक्यून म्हणतात, ती एखादी बारीक धमनी पूर्वी बंद पडल्याची निशाणी. एसडब्ल्यूआय नावाच्या चित्रात दिसणारे २ ते १० मिलिमीटरचे काळे ठिपके म्हणजे सूक्ष्म रक्तस्राव. वाहिन्यांभोवतीच्या मोकळ्या जागाही रुंदावतात. माणसात हे दिसतं ते असं: विचारांचा वेग मंदावतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, हिशेबाला वेळ लागतो, पावलं लहान आणि घासत पडतात, लघवीची घाई होते, कशातच रस वाटत नाही. नावं आणि प्रसंग विसरणं इथे बहुधा नंतर येतं. म्हणून ‘बाबांना सगळं आठवतं, पण हल्ली फार हळू झालेत’ हे वाक्य डॉक्टरांना नक्की सांगावं. त्यात बरंच काही आलेलं असतं.

रक्तात येतं ते नेमकं काय?

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो. तरीही मेंदूतला काही ऐवज फार थोड्या प्रमाणात रक्तात झिरपतो. किती थोड्या, ते बघू. उपाशीपोटी १ मिलिलिटर रक्तात साखर असते साधारण १ मिलिग्रॅम. ज्या प्रथिनाची सध्या सर्वात जास्त चर्चा आहे ते न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल, सत्तरीच्या निरोगी माणसात तेवढ्याच रक्तात २० पिकोग्रॅमच्या आसपास असतं. साखरेच्या पाच कोटींवा हिस्सा. लॅबमधल्या नेहमीच्या एलायझा पद्धतीला एवढं बारीक मोजता येत नव्हतं. २०१० मध्ये सिमोआ हे तंत्र आलं. त्यात अँटिबॉडी लावलेल्या सूक्ष्म मण्यांवर एकेक रेणू पकडतात, प्रत्येक मणी वेगळ्या सूक्ष्म खळग्यात बसवतात आणि किती खळगे उजळले ते मोजतात. पाणी किती आहे याचा अंदाज घेण्याऐवजी थेंब मोजावेत, तसं. यामुळे पूर्वी पाठीतून पाणी काढून करायच्या तपासण्या हाताच्या शिरेतल्या रक्तावर होऊ लागल्या.

एनएफएल हा चेतातंतूच्या आतल्या सांगाड्याचा भाग. तंतू मोडला की सांगाड्याचे तुकडे बाहेर पडतात आणि त्यातले थोडे रक्तात येतात. पांढरा भाग म्हणजे तंतूंचाच गठ्ठा, त्यामुळे तिथे नासाडी चालू असेल तर एनएफएल वाढायला हवं. आणि वाढतंही. नुकतीच एखादी बारीक धमनी बंद पडली असेल, तर पातळी दिवसागणिक चढते, काही आठवडे चढलेली राहते आणि पुढच्या काही महिन्यांत उतरते. पण जुने, शांत झालेले डाग असतील तर वाढ अगदी बेताची असते, आणि निरोगी समवयस्कांच्या आकड्यांत ती सहज मिसळून जाते. एनएफएल मोडतोड सांगतं, ती आत्ता चालू आहे का ते सांगतं. जुन्या पडझडीचा हिशेब त्याच्याकडे नसतो.

दुसरी अडचण अशी, की मोडलेला तंतू कुठला होता हे एनएफएल सांगत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनसारखे दिसणारे काही आजार, डोक्याला मार, मोटर न्यूरॉनचा आजार (यात तर आकडा फारच वर जातो), सगळ्यांत ते वाढतं. मधुमेहात पायांना मुंग्या येतात, बी-१२ कमी पडून नसा खराब होतात, केमोथेरपीत बोटं बधिर होतात, त्यातही वाढतं, कारण हातापायांच्या नसांतही हेच प्रथिन असतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते साठतं. वजन जास्त असेल, तर शरीरातलं रक्त जास्त म्हणून ते पातळ होतं आणि आकडा फसवा कमी दिसतो. वयाप्रमाणे तर ते चढतच जातं: तिशीत ५ ते १०, सत्तरीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. समजा, सत्तर वर्षांच्या एका मधुमेही बाईंचा एनएफएल ३८ आला, क्रिएटिनिन १.६ आहे आणि पायांची आग होते. त्या ३८ मधला मेंदूचा वाटा किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. ज्या लॅबच्या रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापलेली नाही, त्या लॅबच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जीएफएपी हे दुसरं प्रथिन. ते येतं मेंदूतल्या तारकापेशींमधून. या पेशी आपली पावलं बारीक रक्तवाहिन्यांभोवती रोवून असतात, म्हणून वाहिन्यांच्या आजारात ते वाढावं ही अपेक्षा रास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये डोक्याच्या मारासाठी, सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवायला, जीएफएपी आणि आणखी एक प्रथिन मिळून होणाऱ्या तपासणीला परवानगी दिली. पण अल्झायमरमध्येही जीएफएपी फार लवकर चढतं, अगदी विसरणं सुरू व्हायच्या आधी. सत्तरीच्या पुढे दोन्ही आजार एकत्र असणं नेहमीचंच, त्यामुळे वाहिन्यांच्या आजाराची साक्ष म्हणून त्याचा उपयोग मर्यादित.

गर्भारपणातली तपासणी मेंदूसाठी

आम्हाला सगळ्यात रोचक वाटतं ते पीएलजीएफ. पूर्ण नाव प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वारेतून निघणारा वाढ-घटक. स्त्रीरोगतज्ज्ञांना तो चांगला परिचयाचा आहे. गर्भारपणात बीपी वाढून होणाऱ्या प्रीएक्लाम्प्सियाचा अंदाज घ्यायला एसएफएलटी-१ हे आणखी एक प्रथिन आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर बघतात आणि ३८ च्या खाली आलं तर निदान पुढचा आठवडा निर्धास्त मानतात. तिथे पीएलजीएफ घटलेलं असतं. मेंदूच्या वाहिन्यांच्या आजारात उलट, ते वाढलेलं आढळतं. एनएफएलसारखा हा मोडतोडीचा कचरा नाही. वाहिन्यांचं अस्तर ताणाखाली असताना आणि ऊतींना रक्त अपुरं पडत असताना निघणारा हा निरोप आहे. म्हणून तो थेट वाहिन्यांबद्दल काही सांगेल अशी आशा.

अमेरिकेत २०१६ पासून मार्कव्हीसीआयडी नावाचा अनेक विद्यापीठांचा एकत्र प्रकल्प चालू आहे. त्याची कामाची रीत शिकण्यासारखी आहे. वाहिन्यांमुळे होणाऱ्या बौद्धिक घसरणीच्या खुणा सुचवणारे शोधनिबंध ढिगाने होते, पण एका लॅबचा निकाल दुसरीकडे येत नव्हता. म्हणून त्यांनी निवडक तपासण्यांचे संच ठरवले आणि आधी एवढंच तपासलं, की तोच नमुना वेगवेगळ्या ठिकाणी दिला तर आकडा जुळतो का. यात टिकलेल्यांपैकी एक पीएलजीएफ. २०२३ मध्ये सव्वातीनशेहून जास्त लोकांवरचा निष्कर्ष आला: ज्यांचं पीएलजीएफ जास्त, त्यांच्यात पांढऱ्या डागांची श्रेणी वरची आणि बौद्धिक घसरण असण्याची शक्यता जास्त.

म्हणून उद्या लॅबमध्ये जाऊन पीएलजीएफ करून घ्यायचं का? नाही. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असेल तरी ते वाढतं. सिकलसेलमध्येही वाढतं, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल काही दुर्मिळ नाही. शिवाय गर्भारपणासाठी ठरवलेली मर्यादा सत्तर वर्षांच्या पुरुषाला लावता येत नाही, आणि त्याच्यासाठी मान्य झालेली वेगळी मर्यादा अजून नाही. सध्या या तपासणीची खरी जागा औषधांच्या चाचण्यांमध्ये आहे. हजार लोकांचे एमआरआय काढण्याआधी, डाग सापडण्याची शक्यता कुणात जास्त आहे, हे चाळून घ्यायला ती उपयोगी पडेल.

चाळणीचं गणित इथेच समजून घेऊ, कारण नव्या तपासण्यांच्या जाहिराती नेमक्या याच जागी फसवतात. समजा एखादी तपासणी ८० टक्के रुग्णांना बरोबर पकडते आणि ८० टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. आकडे ऐकायला छान आहेत. आता १,००० माणसं घ्या, त्यातल्या १०० जणांना गंभीर आजार आहे असं धरा. त्या १०० पैकी ८० पकडले जातील. उरलेल्या ९०० निरोग्यांपैकी १८० जणांनाही ‘आहे’ असा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेले २६०, त्यात खरे ८०. दर तिघांमागे साधारण दोघांना नाहक घोर. हीच तपासणी न्यूरॉलॉजिस्टने निवडलेल्या, निम्म्यांना आजार असलेल्या १,००० जणांवर केली, तर शिक्का बसलेले ५००, आणि त्यात खरे ४००. नळी तीच, यंत्र तेच. बदललं एवढंच, की रक्त कुणाचं काढलं. आरोग्य शिबिरातल्या पॅकेजमध्ये ‘ब्रेन मार्कर’ घुसडण्याला आमचा विरोध आहे तो यामुळे.

पी-टाऊ आणि एक आनुवंशिक अपवाद

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरसाठी पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली. फुजिरेबिओ कंपनीच्या ल्युमिपल्स यंत्रावर अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या दोन प्रथिनांचं, पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं, गुणोत्तर त्यात काढतात. मान्यता आहे ती ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. ही वाहिन्यांच्या आजाराची तपासणी नाही, तरीही तिचा इथे संबंध येतो. एमआरआयमध्ये भरपूर डाग आहेत, माणूस मंदावला आहे आणि विसरतोही. दोष कुणाचा? पी-टाऊ कमी आलं, तर अल्झायमरची शक्यता घटते आणि बोट वाहिन्यांकडे वळतं. जास्त आलं, तर दोन्ही असू शकतात. अमायलॉइड मेंदूच्या पृष्ठभागाकडच्या वाहिन्यांच्या भिंतींतही साठतं. अशा वाहिन्या ठिसूळ होऊन फुटतात. अल्झायमरची नवी अमायलॉइडविरोधी औषधं देण्याआधी एसडब्ल्यूआय करून काळे ठिपके मोजतात ते म्हणूनच. त्यांपैकी लेकॅनिमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत चारपेक्षा जास्त ठिपके असलेल्यांना घेतलंच नव्हतं.

आता अपवाद. कॅडासिल हा वाहिन्यांचा आनुवंशिक आजार. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या नॉच-३ या जनुकातला दोष त्याला कारण आहे, हे १९९६ मध्ये सापडलं. इथे साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त जनुकतपासणीला दिलं, की निदान होतं. संशय कधी घ्यायचा? तिशीत डोळ्यांपुढे झगमग येऊन अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत बीपी-शुगर नसताना मेंदूचा झटका (स्ट्रोक), आई किंवा वडिलांकडे असाच इतिहास, आणि एमआरआयमध्ये कानशिलाच्या आतल्या भागाच्या पुढच्या टोकाला डाग. आईवडिलांपैकी एकाला दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून रक्त देण्याआधी समुपदेशन हवंच. घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत असताना हा रिपोर्ट हातात आला तर काय करायचं, ते आधी बोलून ठेवावं. एक लक्षात ठेवायचं, की असे जनुकदोष पूर्वी वाटायचे त्याहून बऱ्याच जास्त लोकांत आढळतात, आणि त्यातल्या कित्येकांना म्हातारपणापर्यंत काही होत नाही. दोष आहे म्हणजे झटका ठरलेलाच, असं नाही.

मग आज करायच्या त्या तपासण्या

त्या कंटाळवाण्या आहेत, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतात, आणि आपल्याला जे बदलता येतं ते याच सांगतात: तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिनसह सीबीसी, बी-१२, होमोसिस्टिन, थायरॉइडची टीएसएच. रक्ताची नसली तरी एक लघवीचीही, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी हीच. मूत्रपिंड आणि मेंदूचा खोल भाग, दोन्हीकडे बारीक वाहिन्यांवर मोठ्या धमनीचा दाब थेट येतो. मूत्रपिंडात त्या गळू लागल्या की लघवीत अल्ब्युमिन उतरतं. रेशो ३० च्या वर असेल, तर मेंदूतल्या वाहिन्याही तशाच मारा खात असल्याची शक्यता वाढते. सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम असेल तर पुढे ढकलावी, नाहीतर आकडा उगाच फुगतो. आणि एकदा जास्त आला म्हणून शिक्का मारू नये. तीन महिन्यांत पुन्हा करून दोनदा तरी जास्त यायला हवा.

होमोसिस्टिनची गोष्ट जरा खोलात सांगायला हवी, कारण ती आपल्याकडची आहे. बी-१२ कमी पडलं की हे अमिनो आम्ल रक्तात साठतं, आणि ते वाहिन्यांच्या अस्तराला त्रासदायक मानलं जातं. पांढऱ्या डागांशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, किती पसरलेली आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलं. पण होमोसिस्टिनचा रिपोर्ट चुकतो तो वाहतुकीत. रक्त काढल्यावरही लाल पेशी हे आम्ल बाहेर टाकतच राहतात. नमुना तसाच ठेवला तर दर तासाला आकडा अंदाजे १० टक्क्यांनी चढतो. सकाळी घरी येऊन रक्त नेलं, मोटारसायकलच्या डिकीत नळी फिरली आणि दुपारी लॅबला पोचली, तर १२ चे १८ व्हायला वेळ लागत नाही. नळी बर्फात ठेवणार का आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा करणार का, एवढं विचारावं. नीट उत्तर मिळालं नाही तर लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं.

एचबीए१सी दोन्ही बाजूंनी फसवतं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ते खोटं जास्त येतं. लाल पेशी लवकर मोडणाऱ्या आजारांत खोटं कमी. म्हणून हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सी वाचू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या टीएसएचसारख्या काही तपासण्या बिघडवतात. दोन दिवस आधी बंद कराव्यात आणि लॅबला सांगावं.

ज्यांनी एनएफएल किंवा पी-टाऊ काही कारणाने केलंच, त्यांच्यासाठी थोडं. नळी जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची. एनएफएल तसं चिवट आहे, खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकतं. अमायलॉइड बीटा मात्र लवकर उतरतं, त्यामुळे गुणोत्तर बिघडतं. सीरमचा आकडा आणि प्लाझ्माचा आकडा एकमेकांशी ताडून बघू नये, सीरमचा जास्त येतो. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राशीही जुळत नाही. पुन्हा तपासायचं असेल तर तीच लॅब, तीच पद्धत, तीच नळी. आणि झटका, डोक्याला मार किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर काही महिने थांबून. नाहीतर मोजाल ती त्या घटनेची धूळ.

आणि बीपीचं यंत्र

रक्ताच्या तपासण्यांच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण या आजारात ज्याचा परिणाम एमआरआयवर मोजून दाखवता आला, असा उपाय मुख्यतः बीपीचाच आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात पांढरे डाग सुमारे चार वर्षांत सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले. १४० च्या खाली ठेवलेल्या गटात १.४५ ने. फरक चहाच्या चमच्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तरी सौम्य बौद्धिक घसरणही पहिल्या गटात कमी झाली. स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. या चाचणीत मधुमेही आणि आधी झटका आलेले लोक नव्हते, हेही ध्यानात असू द्यावं.

घरी मोजायचं तर असं: दंडाला नीट बसणारा पट्टा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून. सकाळी औषधाआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे. वयस्कर माणसाचं एकदा उभं करूनही मोजावं, उठल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, मग औषध वाढवू द्या. टेलच्या शेताला पाणी कमी पडतंय हे आपण पाहिलंच. उभं राहताच दाब पडणाऱ्या माणसाचं बीपी आणखी खाली ओढलं, तर तो आधी पडतो आणि मग त्याचं कमरेचं हाड मोडतं.

एमआरआय सांगताना चिठ्ठीवर फ्लेअर, डीडब्ल्यूआय (ताजा झटका दाखवणारं चित्र) आणि एसडब्ल्यूआय ही तिन्ही नावं असल्याची खात्री करून घ्या. या आजारासाठी शिरेतून डाय द्यावा लागत नाही. एसडब्ल्यूआय राहून गेलं, की सूक्ष्म रक्तस्राव दिसतच नाहीत, आणि सीटी स्कॅनमध्ये तर ते दिसण्याचा प्रश्नच नाही. हे महत्त्वाचं आहे ते एका सवयीमुळे: रिपोर्टात ‘इस्केमिक’ शब्द वाचला, की रक्त पातळ करणारी ७५ ची गोळी सुरू होते, कधी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने, कधी मेडिकलवाल्याच्या. झटका येऊन गेलेल्याला ती गोळी लागते. पण झटका नाही, हृदयविकार नाही, नुसतेच एमआरआयवर डाग आहेत, अशांना ती देऊ नये असंच युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या २०२१ च्या मार्गदर्शनात सुचवलं आहे. झटका आलेल्यांतही दोन गोळ्या मिळून फार काळ देणं महागात पडतं. लहान धमनीचा झटका आलेल्या ३,०२० रुग्णांवरच्या एसपीएस-३ चाचणीत अ‍ॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेल जोडलं, तेव्हा झटके कमी झाले नाहीत. रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. गोळी आधीपासून चालू असेल तर हे वाचून मनाने बंद करू नका. ती कशासाठी चालू केली होती, हे पुढच्या भेटीत विचारा, आणि जाताना एसडब्ल्यूआयची सीडी सोबत न्या.